चाळीस मिनिटांनी बंद पडणारा ड्रायर

जुनं यंत्र विकत घेतलं की त्याच्याबरोबर आधीच्या मालकाची सगळी लबाडी फुकट येते, असं माझं ठाम मत आहे. जळालेल्या फ्यूजच्या जागी कुठे तांब्याची तार पिळलेली सापडते, कुठे दार उघडं असतानाही यंत्र चालावं म्हणून सुरक्षेचा स्विच वायरच्या तुकड्याने गप्प केलेला असतो, आणि या सगळ्यावर विकणाऱ्याने हिरव्या रंगाचे दोन हात मारलेले असतात. घेणारा तो रंग पाहून खूश होतो. महिन्याभरात यंत्र रुसतं आणि मग मला फोन येतो.

तंजावुरातल्या एका पॉलिटेक्निकच्या इलेक्ट्रिकल लॅबमध्ये मी सव्वीस वर्षं मुलांना शिकवलं. नोकरी सोडल्यावर घरी बसून पापड लाटायचा माझा पिंड नाही. तिरुवैयारुच्या तेलघाण्यापासून कुंभकोणच्या बर्फाच्या कारखान्यापर्यंत जिथे म्हणून जुनी यंत्रं आहेत, तिथे मी जाते आणि बिघाड शोधते. आमचे हे ट्रेझरीतून निवृत्त झालेले. तेच स्कूटर चालवतात. मी मागे बसते, मांडीवर माझी हत्यारांची पिशवी. राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत लोकांना वाटतं की आम्ही दोघं रोज देवळाला जातो.

ही गोष्ट पापनाशमच्या एका भातगिरणीतली. गिरणी एक बाई चालवतात, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान. वडिलांच्या पश्चात सगळा कारभार त्यांनीच हातात घेतला. उकडा तांदूळ करायचा तर साळ आधी भिजवायची, मग तिला वाफ द्यायची, मग वाळवायची. आजवर वाळवणं अंगणात उन्हावर व्हायचं. पण कुरुवै, म्हणजे वर्षातलं पहिलं भातपीक, नेमकं अशा दिवसांत येतं की आभाळ भरलेलं आणि अंगण ओलं. म्हणून त्यांनी गोंदियाकडच्या एका बंद पडलेल्या गिरणीतून जुना ड्रायर आणवला. तीन मजली उंच लोखंडी पेटी, खालून गरम वारा, आणि साळ वर चढवणारा बादल्यांचा पट्टा. घरातले सगळे नको म्हणत होते. थोरल्या भावाने तर दुसऱ्याचं भंगार कशाला घरात आणतेस असं तोंडावर विचारलं होतं.

तो ड्रायर मी जोडून दिला. पॅनेलच्या दाराला आतून एक कागद चिकटवलेला होता, त्यावर कुणा अनोळखी इलेक्ट्रिशियनने कुठली वायर कशाची ते मराठीत लिहून ठेवलेलं. पिढ्यानपिढ्या तंजावुरात राहिलेल्या आमच्या घरांत मराठी बोलतात सगळे, पण देवनागरी वाचता येणारे बोटांवर मोजण्याइतके. मला वडिलांनी धाक दाखवून शिकवली होती, त्याचा उपयोग असा व्हावा! ‘धान भरले की बंद’, ‘वरचा डोळा’, ‘खालचे दार’. आमच्याकडे साळ म्हणतात, तो धान म्हणत होता, पण माणूस नीटनेटका होता. कागदाबरहुकूम मी एकेक वायर जोडली, रिकामा ड्रायर दोन तास चालवून दाखवला, आणि ताठ मानेने घरी आले.

तीन आठवड्यांनी सकाळी सातला फोन आला.

“टीचरम्मा, पहिली साळ भरलीय आणि ड्रायर बंद पडतोय. चालू केला की चालतो, चाळीस मिनिटांनी सगळंच एकदम थांबतं. चार वेळा झालं.”

उकडलेली साळ दिवसभर तशीच राहिली तर तिला वास येतो, आणि तो वास तांदळातून कधीच जात नाही. शिवाय दुसऱ्या टाकीत आणखी तेवढीच साळ भिजत पडली होती. तिला संध्याकाळच्या आत वाफ द्यायची, नाहीतर ती आंबणार. पण ड्रायरचा भरवसा नसताना वाफ देऊन ती ठेवायची कुठे?

“अग, कॉफी तरी पिऊन घे,” हे म्हणाले. “तेथें जाऊन तूं भांडणारच आहेस, पोटांत कांहीं तरी असूं दे.”

मी कॉफी प्यायले आणि तिथे जाऊन भांडलेच. कारण माझ्या आधी तिथे एक इंजिनियर येऊन बसला होता. नवं यंत्र पाहायला म्हणून बाईंच्या थोरल्या भावाने त्याला आदल्या रात्रीच कोइमतूरहून पाठवलेला. तिशीतला, इस्त्रीचा शर्ट, हातात महागडा डिजिटल मीटर. त्याने माझं पॅनेल उघडून ठेवलं होतं. माझं पॅनेल!

“मॅडम, कंट्रोलच्या सगळ्या वायरींवर सप्लाय आहे, मी स्वतः मोजला,” तो म्हणाला. “चाळीस मिनिटांनी बंद पडतं म्हणजे मोटार तापते. ओव्हरलोड रिले बदलून पाहिला, फरक नाही. जुनी मोटार आहे, वाइंडिंग गेलंय. उतरवून कोइमतूरला न्यावी लागेल. तीन दिवस.”

“आणि साळ?” बाईंनी विचारलं.

“ती लॉरीत भरून दुसऱ्या गिरणीत पाठवा. खरं सांगू का, हे मशीनच परत करा.”

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी विचारलं, वायरींना कुणी हात लावला? कुणी काही सैल केलं? झाडणाऱ्या बायकांना विचारलं, बॉयलरवाल्याला विचारलं, ड्रायर विकणाऱ्याचाही फोनवरून उद्धार केला. सगळ्यांनी नाही म्हटलं. मग ह्यांच्याकडे वळून मी मराठीत म्हणाले, “ह्या इस्त्रीवाल्याला मोटारीला हात लावून पाहायलाहि लाज वाटते कीं काय?” इंजिनियर माझ्याकडे पाहून आदराने हसला. परक्यांसमोर आपल्या घरची भाषा बोलता येण्याचं हे सुख मी आयुष्यभर उपभोगलं आहे.

मी ड्रायर चालू करायला लावला आणि मोटारीपाशी गेले. क्लॅम्प मीटर लावला. मोटारीने जेवढा करंट घ्यायला हवा तेवढाच ती घेत होती, एक अँपियर जास्त नाही. पंचवीस मिनिटांनी तळहात तिच्या अंगावर ठेवला आणि खुशाल ठेवूनच राहिले. तापलेल्या मोटारीवर असा हात ठेवता येत नाही. बरोबर चाळिसाव्या मिनिटाला खट्ट आवाज झाला आणि पट्टा, पंखा, सगळं थांबलं. गिरणीत अशी शांतता पसरली की बाहेरचे कावळे ऐकू आले. बाईंनी कपाळाला हात लावला.

“मोटार ठणठणीत आहे,” मी सांगितलं. “कुणीतरी तिला थांब म्हणतंय, म्हणून ती थांबतेय.”

“पण मॅडम, कंट्रोलमध्ये सगळीकडे सप्लाय येतोय.”

“तुझा मीटर तसं म्हणतोय, तंबी,” धाकट्या भावाला म्हणावं तसं मी म्हणाले.

आता भावाचा माणूस एका बाजूला आणि मी दुसऱ्या. बाई मध्ये उभ्या. त्यांनी माझ्याकडे सरळ पाहिलं. “टीचरम्मा, लॉरीला मी दुपारी दोनला बोलावलंय. तोवर तुमच्या हातून होईल?”

“होईल. नाही झालं तर मशीन परत पाठवा, आणि मलाही पुन्हा बोलावू नका.”

हे बोलून गेले आणि ह्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्यांनी डोळे मिटले होते.

असल्या यंत्रात मोटारीला चालू ठेवणारी एक साखळी असते. बंद करायचं बटण, आणीबाणीची दोरी, मोटार तापली की तोडणारा ओव्हरलोड, खालच्या दाराचा स्विच, आणि सगळ्यात वर, साळ काठोकाठ भरली की थांब म्हणणारा सेन्सर, कागदावरचा तो ‘वरचा डोळा’. यांतल्या एकानेही हात सोडला की मोटार बंद. प्रश्न एवढाच की चाळिसाव्या मिनिटाला हात कोण सोडतो. मीटर याचं उत्तर देईना, कारण लांबलचक केबलमध्ये शेजारच्या वायरींमुळे तुटलेल्या वायरीतही खोटा व्होल्टेज दिसतो. त्याच्यात दम काहीच नसतो, पण मीटर इतका नाजूक की तोही आकडा दाखवतो. मुलांना मी याला भूत म्हणून शिकवत असे. भूत ओळखायला मी साधा टेस्ट लॅम्प वापरते. होल्डर, बल्ब आणि दोन वायरी. खरा सप्लाय असेल तरच तो पेटतो, भुताला तो जुमानत नाही.

पिशवीतून लॅम्प काढला तेव्हा इंजिनियरच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं. मी ते पाहिलं आणि लक्षात ठेवलं.

प्रत्येक वेळी चाळीस मिनिटं थांबायचं म्हणजे चुकायला जागाच नव्हती. पाचांपैकी एकेक तपासत बसले असते तर दोन वाजून गेले असते. म्हणून लॅम्प मी साखळीच्या मधोमध, ओव्हरलोडच्या पुढे लावला आणि ह्यांना त्याच्यासमोर स्टुलावर बसवलं.

“मोटार थांबली कीं दिवा पाहा. आहे कीं गेला, तेवढेंच सांगा.”

“ट्रेझरीत पस्तीस वर्षें मी हेंच केलें,” हे म्हणाले.

चाळीस मिनिटं. खट्ट. “दिवा आहे!” हे ओरडले. म्हणजे बटण, दोरी आणि ओव्हरलोड तिघेही निर्दोष, बिघाड त्यांच्या पुढे. आता लॅम्प दाराच्या स्विचपुढे. पुन्हा चाळीस मिनिटं. साडेबारा वाजत आले होते. साळीला किंचित आंबूस वास यायला लागला आहे असं मला वाटलं. बाईंनाही तो आला असावा. त्या एकसारख्या मूठभर साळ काढून हुंगत होत्या. खट्ट.

“दिवा आहे! अजून आहे!”

दारही निर्दोष. साखळीत उरला एकच. सगळ्यात वरचा सेन्सर. पेटी अर्धीच भरलेली आणि हा पठ्ठ्या वरून ओरडत होता की काठोकाठ भरली. मी इंजिनियरकडे पाहिलं. तो मीटर खिशात ठेवत होता.

“सेन्सर गेला असेल मग,” तो म्हणाला. “चेन्नईहून मागवावा लागेल. दोन दिवस.”

“आधी बघू तरी.”

ओढणी कमरेला बांधून मी शिडी चढले. पंचावन्नाव्या वर्षी तीन मजले उभी शिडी चढणं सोपं नाही, पण खाली सगळी गिरणी माना वर करून उभी होती, तेव्हा धाप लागली तरी दाखवायची नव्हती. वरचं झाकण उघडलं तशी गरम, ओली वाफ तोंडावर आली. आत हात घालून मी सेन्सर ब्रॅकेटसकट बाहेर ओढला. त्याच्या पाठीवरचा बारीक लाल दिवा पेटलेला होता. समोर काही नसताना तो म्हणत होता, साळ आहे, साळ आहे. आणि त्याच्या काळ्या गोल तोंडावर, बरोबर मधोमध, चंदनाचा एक जाड ठिपका होता. त्यावर कुंकू. वाफेने भिजून दोन्ही लोण्यासारखं मऊ झालेलं.

पंधरा दिवसांपूर्वीची आयुधपूजा. आमच्या घरात तिला खंडेनवमी म्हणतात. इथल्या गिरणीत रीत अशी की यंत्रांना चंदन-कुंकू लावायचं, आणि नव्या आलेल्या यंत्राला पहिलं कुंकू त्याने लावायचं ज्याने त्याला चालू केलं. बाईंनी मला मुद्दाम बोलावलं होतं. “तुम्हीच जीव घातलात, तुम्हीच लावा.” मी पॅनेलला लावलं, मोटारींना लावलं, आणि मग माझ्या अंगात आलं. वरचा डोळा मी स्वतः बसवला होता, तो कसा वगळायचा? तेव्हाही अशीच शिडी चढले होते. अंगठ्याने चंदन दाबून लावलं, आणि खालून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

चंदन कोरडं होतं तोवर सेन्सरला त्याचं काही वाटलं नाही. तो ओल ओळखतो. ओली साळ भरल्यावर वाफ वर चढायला चाळीस मिनिटं लागायची, चंदन भिजायचं, आणि सेन्सरला वाटायचं की साळ आपल्या नाकाशी आली. यंत्र थांबलं की पेटी भरली का ते बघायला दरवेळी कुणीतरी वर येऊन झाकण उघडायचं, वाऱ्याने ते सुकायचं आणि सगळं पुन्हा सुरळीत. माझ्या हातातच तो लाल दिवा हळूहळू विझला. मी अंगठा जिभेवर ओला करून ठिपक्यावर टेकवला. दिवा पेटला. अंगठा काढला, ठिपका फुंकून सुकवला. विझला. पुन्हा टेकवला. पेटला.

सापडलं होतं! त्या क्षणी झालेला आनंद इतका होता की लाज वाटायला थोडा वेळच लागला. पहिल्यांदा मी नाचलेच असते, पण जागा नव्हती. आणि तोंडातून निघालं ते मराठीत, गिरणीभर ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.

“अहो! हें माझेंच बोट! माझेंच कुंकू! मींच बंद पाडलें होतें!”

खालून हे तेवढ्याच जोराने ओरडले, “पूस! पुसून टाक आणि गप्प खालीं ये! ह्यांना कोठें कळतें आहे!”

तीन मजल्यांच्या अंतरावरून नवरा-बायकोंनी केलेली ही खाजगी मसलत वीस-पंचवीस माणसांनी ऐकली आणि एकालाही कळली नाही. सगळे माझ्याकडे बघत होते. बाईंनी हात तोंडाशी नेऊन विचारलं, “टीचरम्मा, सर काय म्हणतात?”

ह्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. ओढणीच्या टोकाने पुसलं असतं तर दोन सेकंदांचं काम. सेन्सरवर धूळ होती म्हणाले असते तर खोटं पकडायला पुरावाही उरला नसता. आणि सकाळपासून मी कोणाकोणाला काय काय बोलले होते! झाडणाऱ्या बायका खाली उभ्या होत्या. बॉयलरवाला उभा होता. इस्त्रीचा शर्ट उभा होता, आणि त्याच्यामागे, इथे नसलेला तो थोरला भाऊ. शब्द देऊन बसले होते ती मी. मोठ्या तोऱ्यात शिडी चढले होते ती मी. पण खरं सांगते, लपवायचं म्हटल्यावर मला रागच आला. एवढा अवघड बिघाड मी शोधला आणि तो धुळीच्या नावावर घालवू? माझा शोध अर्धा कापून सांगू?

सेन्सर उंच धरून मी तमिळमध्ये सांगितलं, शिकवताना लावायचे त्या आवाजात. “मशीन चांगलं आहे. मोटार चांगली आहे. सेन्सरसुद्धा चांगला आहे. आयुधपूजेला मी ह्याच्या डोळ्यावर चंदन-कुंकू लावलं, ते वाफेने भिजतं आणि ह्याला नसलेली साळ दिसते. चूक माझी आहे. सकाळी ज्यांना ज्यांना बोलले, त्यांनी मला माफ करा.”

मी सगळ्यांदेखत ओढणीने सेन्सर पुसला, जागेवर बसवला, झाकण लावलं आणि खाली उतरले. बाईंनी माझ्याकडे पाहिलंही नाही. एवढंच म्हणाल्या, “चालवा.”

ड्रायर चालू झाला. लॉरी येऊन फाटकाशी उभी राहिली. ड्रायव्हरने विचारलं, भरायला घेऊ का? बाई म्हणाल्या, थांब. तिसावं मिनिट गेलं. पस्तिसावं गेलं. हे घड्याळ हातात घेऊन पॅनेलपाशी उभे होते, आणि त्यांचे ओठ हलत होते. नास्तिक माणूस, पण रामरक्षा म्हणत असावा. चाळीस. एक्केचाळीस. पन्नास मिनिटं झाली तेव्हा मी मुद्दाम वर जाऊन आत हात घालून पाहिला. आत चांगलीच ओल होती, आणि लाल दिवा विझलेला होता. तास झाला. दीड तास झाला. पंखा घुमत होता, पट्टा साळ वर नेत होता, आणि थांबायचं नाव नव्हतं. इंजिनियर माझ्याशेजारी येऊन बसला.

“मॅडम, मी तर मोटार उतरवून मोकळा झालो असतो.”

“झालाच असतास.”

“तो लॅम्प जरा बघू का?”

मी दिला. त्याने उलटसुलट करून पाहिला, आणि आतून काही सापडतं का म्हणून होल्डर उघडलासुद्धा. मी इतकी खूश होते की त्याला माझ्या डब्यातला अर्धा दहीभात दिला.

पाचच्या सुमारास वाळलेली साळ खाली यायला लागली. बाईंनी चार दाणे उचलले. एक नखाने सोलला, नाकाशी नेला, बराच वेळ हुंगला. मग दाढेखाली धरून चावला. टक्क असा आवाज मला दोन हातांवरून ऐकू आला. उकडा नीट वाळला की तो असाच फुटतो. त्यांनी उरलेले दाणे माझ्या तळहातावर ठेवले. मीही हुंगले. आंबूस वासाचा मागमूस नव्हता. दुपारी आला तो माझ्या भीतीचाच असणार.

मला वाटलं, आता बोलतील. कुंकवाबद्दल काहीतरी म्हणतील, निदान हसतील. पण त्या बाईंना वेळ कुठे होता! त्यांनी लॉरीच्या ड्रायव्हरला हाताने जा म्हणून खूण केली. मग माझ्याकडे वळून विचारलं, “आता दुसरी भरू?”

त्या मला विचारत होत्या. इंजिनियर शेजारीच बसला होता, सकाळपासून त्याला चारचौघांत एकही चूक कबूल करावी लागली नव्हती. आणि ज्या बाईने स्वतःच्या हाताने त्यांचं यंत्र बंद पाडलं, तिच्या एका हो-नाहीवर त्या सबंध टाकीभर साळ सोपवत होत्या.

“भरा,” मी म्हणाले.

बाईंनी बॉयलरकडे तोंड करून हाक दिली, “दुसऱ्या टाकीला वाफ सोडा!”